शून्य कराचे अठरा टक्के

मार्चचा शेवटचा आठवडा. एसी देखभालीची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीचं बिलिंग मी सांभाळते. सगळं पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत, आणि मी येण्याच्या आधीपासूनचं. सकाळी साडेनऊलाच अकाउंट्समधल्या काकांचा फोन आला. "ताई, हिंजवडीच्या सेझवाल्यांनी बिल परत पाठवलंय. 2,40,000 वर 43,200 जीएसटी लावलाय आपण!"

सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) ग्राहकाला एलयूटीवर, म्हणजे कर न भरता पुरवठा करण्याच्या हमीपत्रावर, सेवा दिली की कर शून्य. तो शून्य आमच्या कोडमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. बिल बनवणारं सबरूटीन, म्हणजे कोडचा तुकडा, नावानिशी माहिती घेतं (नावं इथे मराठीत लिहितेय):

बिल( ग्राहक => 412, सूट => सूट_शोध(412), कर => 0 )

आत पहिल्याच ओळीत डिफॉल्ट (काही सांगितलं नाही तर वापरायच्या किमती) असतात: सूट 0, कर 18, आणि त्यांच्यामागे आलेली यादी ओतून हॅश, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा साठा, भरायचा. नंतर आलेलं नाव आधीच्यावर बसतं. पर्लमधली ही जुनी, सोयीची पद्धत. मग शून्य गेला कुठे?

डेटाबेस पाहिला, ग्राहकाची सेझची नोंद पाहिली. सगळं ठीक. अकराच्या सुमारास लॉग उघडला तर तिथे इशाऱ्यांची रांग: 'ऑड नंबर ऑफ एलिमेंट्स इन हॅश असाइनमेंट.' जोड्यांच्या हॅशमध्ये विषम संख्या! पाच दिवस तो लॉग ओरडत होता आणि आम्ही कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

पाच दिवसांपूर्वी काय बदललं, ते शोधलं. आमच्या नव्या पोराने पर्लक्रिटिक (कोडमधल्या वाईट सवयी दाखवणारं साधन) चालवून त्याच्या तक्रारी मिटवल्या होत्या. सूट_शोध मध्ये सूट न सापडल्यास 'रिटर्न अनडेफ' ('किंमत नाही' असं परत कळवणं) होतं, त्याचं त्याने नुसतं 'रिटर्न' केलं. पर्लक्रिटिक हेच सांगतं, आणि एरवी बरोबरच सांगतं. पण यादीच्या संदर्भात, म्हणजे उत्तर एखाद्या यादीत बसायचं असतं तिथे, नुसतं 'रिटर्न' म्हणजे रिकामी यादी. 'काहीच नाही' असं सांगणारी किंमतसुद्धा नाही, जागाच गायब. त्यामुळे पुढचं सगळं एक घर पुढे सरकलं. सूट या नावासमोर 'कर' हा शब्द जाऊन बसला, आणि बिचारा 0 स्वतःच नाव होऊन बसला. कर हे नाव आलंच नाही, म्हणून डिफॉल्टचे 18. सूट म्हणून बसलेल्या 'कर' शब्दाची आकडेमोडीत किंमत शून्य, त्यामुळे बाकी बिल अगदी चोख दिसत होतं.

साध्या ग्राहकांना तसाही 18 टक्केच लागतो. त्यामुळे फक्त सूट नसलेले सेझवालेच सापडले. असे सात.

2014 मध्ये बगझिलात (सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद ठेवणाऱ्या, पर्लमध्येच लिहिलेल्या प्रणालीत) याच जातीची चूक निघाली होती, फक्त उलट्या दिशेने. खातं उघडताना नावाचा रकाना तीनदा पाठवला की यादी लांबायची आणि जादाच्या जोडीतून दुसऱ्याचाच ईमेल खात्याला चिकटायचा. मी ते तेव्हा वाचलं होतं, 'काय लोक असतात' म्हणून हसलेही होते.

घाईत मी सूट_शोध च्या आधी 'स्केलर' (यादी नको, एकच किंमत दे) लावलं, आणि अधिक सुरक्षित म्हणून आत 'कर || 18' (कर, नाहीतर 18) असंही लिहिलं. चाचणीत सूट असलेल्या सेझवाल्यांनाही 18 लागला! दोन उभ्या दांड्यांना शून्य म्हणजे खोटं. तिथे '//' हवं होतं, जे फक्त अनडेफलाच नाकारतं. ते पर्ल 5.10 मध्ये, 2007 सालीच आलंय. नशीब, हे चाचणीतच कळलं.

काकांनी तोवर तीन ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदलेली बिलं) रद्द केली होती. उरलेल्या चारांचे रद्द करण्यासाठीचे 24 तास उलटून गेले होते, त्यांना क्रेडिट नोट (जादा लावलेली रक्कम वजा करणारा कागद). पोरगा दिवसभर माझ्या टेबलाजवळून जाताना मान खाली घालून जात होता. त्याला म्हटलं, "अरे, लॉग मीपण नाही पाहिला."

संध्याकाळी एक पहारा बसवला: ओळखीच्या यादीत नसलेलं नाव आलं की सबरूटीनने तिथेच थांबायचं. पहिल्याच फेरीत बिल अडकलं. एका ग्राहकासाठी मी चार वर्षांपूर्वी 'मुदत'च्या जागी 'मूदत' लिहून ठेवलं होतं. त्याची 45 दिवसांची ठरलेली मुदत बिलावर कधी उमटलीच नव्हती, डिफॉल्टचे 30 दिवसच छापले जात होते.

काका म्हणाले, "तरीच! दर बिलाला मी त्यांना पंधरा दिवस फोन करून भंडावतोय."