खेळण्यांच्या दुकानाचा ताळेबंद

टॉइज आर अस, म्हणजे अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची मोठी साखळी, ऑनलाइन खरेदीमुळे बुडालं, असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. परवा ठाण्यात तलावपाळीला फिरताना आमच्यातल्या एकांनी हेच ऐकवलं, ‘आता दुकानात कोण जातं हो, काळच बदलला.’ काळावर ढकललं की कुणालाच जाब विचारावा लागत नाही. माझी सगळी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात गेली. लोकांचे ताळेबंद वाचणं हाच माझा धंदा. या दुकानाचा ताळेबंद मात्र मी निवृत्तीनंतर, कुणी न सांगता वाचला, कारण ते दुकान मला मनापासून आवडायचं.

लेक न्यू जर्सीत एडिसनला असायचा. तिकडे गेले की नातवाला घेऊन तिथे एक फेरी ठरलेली. छतापर्यंत मांडण्या, सायकलींची लांबच लांब रांग, आणि मुलं सगळ्या गोष्टी हातात घेऊन बघतायत. कुणी त्यांना हटकत नाही! आमच्या नौपाड्यात लेक लहान होता तेव्हा खेळणी काचेच्या कपाटात असायची. दुकानदार लांब काठीने वरचा खोका खाली काढायचा आणि तो उघडायच्या आधी विचारायचा, ‘नक्की घ्यायचाय ना?’ लेकाने कितीतरी खेळणी नुसती काचेतून पाहिली. त्यामुळे नातू जमिनीवर फतकल मारून आगगाडी चालवतोय आणि कामावरची बाई त्याला दुसरा डबा आणून देतेय, हे बघताना मला फार बरं वाटायचं.

टाइम्स स्क्वेअरचं त्यांचं मोठं दुकानही आम्ही पाहिलं. २००१ साली उघडलेलं, दुकानाच्या आतच साठ फूट उंच आकाशपाळणा, शिवाय गुरगुरणारा भला थोरला डायनोसॉर. पाळण्यात बसून झाल्यावर नातवाने एवढ्या सगळ्यातून साबणाच्या फुग्यांची एक बाटली घेतली आणि खूश होऊन बाहेर पडला. ते दुकान २०१५च्या अखेरीस बंद झालं. बाकीची अमेरिकेतली दुकानं जून २०१८पर्यंत टिकली.

हे सगळं उभं केलं चार्ल्स लॅझरस नावाच्या माणसाने. वडिलांचं वॉशिंग्टनमध्ये सायकलदुरुस्तीचं दुकान. महायुद्धावरून परतल्यावर, १९४८ साली, त्याने तिथेच लहान मुलांचं फर्निचर विकायला घेतलं. युद्ध संपलेलं, घरोघरी पाळणे हलू लागलेले, त्यामुळे माल खपत होता. पण त्याच्या लक्षात आलं, की पाळणा एकदा घेतला की आई-बाप परत येत नाहीत, तोच पुढच्या बाळालाही चालतो. खेळणी मोडतात, मुलं वाढतात, गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं राहतं. १९५७मध्ये त्याने नुसत्या खेळण्यांचं दुकान काढलं, सुपरमार्केटसारखं, गिऱ्हाइकाने ढकलगाडी घेऊन आपलं आपण निवडायचं. हा माणूस गेला २२ मार्च २०१८ला, दुकानं बंद होणार ही घोषणा झाली त्यानंतर आठवड्याभरात. तो योगायोग मला अजून टोचतो.

आता कर्जाकडे येते. २००५ साली केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या तीन गुंतवणूकदार कंपन्यांनी मिळून कंपनी विकत घेतली. सौदा सुमारे ६६० कोटी डॉलरचा. त्यातले त्यांनी स्वतःचे घातले सुमारे १३० कोटी. बाकीचं सगळं कर्ज, आणि ते कर्ज बसलं कंपनीच्याच डोक्यावर. मी घोडबंदरला फ्लॅट घ्यायचा, त्याचे हप्ते भाडेकरूच्या नावावर लावायचे आणि तो थकला की त्याला घराबाहेर काढायचं, असा हा प्रकार. आमच्या भाषेत सांगायचं तर मार्जिन, म्हणजे स्वतःच्या खिशातला वाटा, जेमतेम वीस टक्के. साध्या किराणा दुकानदाराकडून आम्ही मालावर पंचवीस टक्के मागायचो, तेही त्याचं गोदाम स्वतः जाऊन बघून.

कंपनी खासगी झाली तरी बाजारात रोखे होते, म्हणून आकडे जाहीर करावे लागत. २०१६च्या आर्थिक वर्षाचे आकडे मी वहीत उतरवून ठेवलेत. विक्री सुमारे ११५० कोटी डॉलर. धंद्यातून झालेला नफा सुमारे ४६ कोटी. आणि व्याज? तेही जवळजवळ ४६ कोटी! म्हणजे दुकान चालत होतं, कमावत होतं, आणि कमावलेलं सगळं व्याजात जात होतं. असं खातं माझ्या टेबलावर आलं असतं तर मी शाखाधिकाऱ्यांना सांगितलं असतं, साहेब, धंद्यात खोट नाही, कर्जाची रचना चुकली आहे.

ऑनलाइनचा काहीच वाटा नव्हता, असं मी म्हणत नाही. वॉलमार्टने तर त्यांना नव्वदच्या दशकातच मागे टाकलं होतं. २०००मध्ये त्यांनी आपली ऑनलाइन विक्री दहा वर्षांच्या कराराने अॅमेझॉनकडे सोपवली, ते प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६मध्ये करार मोडला. मोलाची वर्षं त्यात वाया गेली. पण त्यानंतर स्वतःची वेबसाइट धड उभी करायला, कळकट झालेली दुकानं रंगवायला, माणसं वाढवायला पैसे लागणार होते. ते कुठून येणार? दरवर्षी चाळीस कोटींच्या वर व्याज चाललेलं. स्पर्धा सगळ्यांनाच असते. पण ज्याचे हात आधीच बांधलेत, त्याला ती झेपत नाही. हाँगकाँगच्या फुंग समूहाबरोबरच्या भागीदारीतली आशियातली दुकानं तेव्हा चालूच राहिली. पाटी तीच, दुकानाचं चिन्ह असलेला जिराफ तोच, मुलंही तशीच.

खेळण्यांचा धंदा उधारीवर चालतो, हे ज्याने एकदा जवळून पाहिलंय त्याला २०१७च्या सप्टेंबरमध्ये काय झालं ते लगेच कळेल. आमच्या शाखेत एका खेळणीवाल्यांचं कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल घेण्याचं, खातं होतं. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, घेऊन स्वतः यायचे. वर्षाची कमाई दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत, बाकीचे महिने ढकलायचे. दिवाळीआधी मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल उचलायचा, विकायचा, मग पैसे चुकते करायचे. ते मला एकदा म्हणाले होते, ‘बाई, बँकेने लिमिट कापलं तरी मी कसाबसा निभावीन, पण बाजारात माझ्याबद्दल एक शब्द वाईट गेला तर दिवाळीत माझं दुकान रिकामं.’

तिकडे नेमकं तेच झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बातमी फुटली, की कंपनी दिवाळखोरीच्या वकिलांना भेटते आहे. नाताळचा माल भरायचे ते दिवस. जवळजवळ चाळीस टक्के पुरवठादारांनी सांगितलं, आधी रोख, मग माल. खेळतं भांडवल एका फटक्यात आटलं. १८ सप्टेंबरला दिवाळखोरीचा अर्ज गेला. नाताळ वाईट गेला. १५ मार्च २०१८ला कंपनीने जाहीर केलं, की अमेरिकेतली सगळी दुकानं बंद होणार.

सुमारे ३३,००० माणसांची नोकरी गेली. त्यात वीस-वीस, तीस-तीस वर्षं काढलेल्या बायका होत्या. सेवरन्स, म्हणजे नोकरी जाताना हातात मिळणारी रक्कम, एक पैसा नाही. अर्ज करायच्या काही दिवस आधी बड्या अधिकाऱ्यांना मात्र सुमारे ८० लाख डॉलरचे बोनस वाटले गेले होते. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. नातवाला आगगाडीचा डबा आणून देणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. या बायका मग रस्त्यावर उतरल्या, गुंतवणूकदारांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी नोव्हेंबर २०१८मध्ये केकेआर आणि बेनने दोन कोटी डॉलरचा मदतनिधी काढला. भागाकार केला तर माणशी सहाशे डॉलर. त्यापेक्षा मोठं काम झालं ते न्यू जर्सीत, जिथे कंपनीचं मुख्यालय होतं. जानेवारी २०२०मध्ये तिथे कायदा झाला, की मोठ्या कंपनीने एकगठ्ठा माणसं काढली तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यायलाच हवा. तो २०२३च्या एप्रिलपासून लागू आहे.  त्या बायकांना स्वतःला त्यातलं काही मिळालं नाही, पुढच्यांना मिळेल. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

हे सगळं आत्ता लिहायला बसले, त्याला कारण आहे. माझ्या मावसबहिणीची सून कळव्याला राहते. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानात ती काम करायची. रिमोटच्या गाड्या फरशीवर फिरवून दाखवायच्या, ठोकळ्यांचे मनोरे रचायचे, दहा-बारा तास उभं राहायचं. तिच्या हातून खेळणं घ्यायला ठरावीक मुलं यायची. दुकान बंद झालं. सहा वर्षं काम केलेलं, पण मधे कंत्राटदार बदलला, म्हणून कागदावर नोकरी दोनदा सुरू झाली आणि सलग नोकरी नाही म्हणून ग्रॅच्युइटी नाकारली. ‘मावशी, मी तर एक दिवससुद्धा दुकान सोडलं नव्हतं,’ म्हणाली. कागदांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा तिचे हात थरथरत होते.

तिच्या पीएफच्या पासबुकात दर महिन्याची नोंद आहे, एकही महिना कोरा नाही. दोन्ही कंत्राटदारांच्या पगारपावत्यांवर दुकानाचा पत्ता एकच. आमच्याकडे छाटणी झालेल्याला प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यायची, असं कायदा सांगतो. तेही कुणी तिला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला, महिन्यावार तक्ता जोडला, पोच घेतली. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणार आहोत, आणि मी तिच्यासोबत असेन.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी अशा दुकानात काम करत असेल, तर पगारपावत्या टाकू देऊ नका, पीएफचा यूएएन क्रमांक चालू आहे का ते आजच बघा. ज्यांचं दुकान बंद झालंय त्यांनी पिशवीभर कागद घेऊन सरळ माझ्याकडे या. दुपारी चारनंतर मी घरीच असते.