भीमेच्या काठचे सोयरे
भिगवणजवळ भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा मला देवळात जाण्याची वेगळी गरज वाटत नाही. मान खाली घालून, चोच उलटी धरून, उथळ पाण्यातला चिखल गाळत ते तासन्‌तास चरतात आणि त्यांच्या त्या एकाग्रतेपुढे माझ्या मनातली लिहिण्याची घाई आपोआप ओसरते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंसही, इथेच विसावतात. हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, म्हणून हा पक्षिमेळा मला वारीहून निराळा भासत नाही. नदीसुरय पक्षी मात्र काठच्या उघड्या वाळूवर अंडी घालतात. ती वाळू उपसली की त्यांची तिथली वीणच थांबते, आणि म्हणूनच वाळूउपशाविरुद्ध लिहिणे हा मी माझ्या उपासनेचाच भाग मानतो.