एक पुस्तक, दोन खुणा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच, "तुमच्या दोघांच्या आवडी इतक्या वेगळ्या, मग एकच पुस्तक दोघं कसं वाचता? आम्हालाही एखादं नाव सुचवा." नुसत्या नावानं काम भागलं असतं, तर आमची पहिली दहा वर्षं वाया गेली नसती.

हे जॉबर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात तीसेक वर्षं टॉवेलचे माग दुरुस्त केले. घरात तेलुगू, शाळा मराठी आणि वाचन रहस्यकथांचं. मी सांगोल्याची, कादंबऱ्यांवर वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझी सगळ्यात लाडकी कादंबरी मी यांना दिली, "तुम्हाला आवडणारच" म्हणून. तिसाव्या पानावरची खूण वर्षभर तिसाव्याच पानावर. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वाचतोय की." त्यांनी दिलेल्या रहस्यकथेचं मी आधी शेवटचं पान वाचलं. दोन दिवस अबोला.

मग आम्ही शहाणपणा करून मधली पुस्तकं आणू लागलो. विनोदी लेख, प्रवासवर्णनं. कुणाचीच तक्रार नव्हती, पण पूर्णही कुणी करत नव्हतं.

जमलं ते वीज गेल्यामुळे. मे महिन्यातली दुपार, पंखा बंद, हे फरशीवर आडवे पडलेले. मी मोठ्यानं 'बनगरवाडी' वाचायला घेतली, ती केवळ माहेरच्या ओढीनं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, माणदेशातली, अगदी छोटी. मेंढपाळांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि त्याच्या पुढाकारानं वाडी तालीम बांधते. माझा जीव वाडीच्या कारभाऱ्यात गुंतलेला. यांचे प्रश्न वेगळेच. दगड कुणी वाहिले? कामाला माणसं कशी गोळा केली? पुढं दुष्काळानं वाडी ओस पडायला लागली, तेव्हा मात्र दोघंही गप्प. वीज आली तरी पंखा लावायला कुणी उठलं नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस रहस्यकथा खुनासाठी वाचतच नाही. कुठला धागा कुठं अडकलाय ते बघायला वाचतो, उघडलेल्या मागापुढं बसावं तसा. मला माणसं हवी असतात. मग ज्यात माणूस त्याच्या कामातून दिसतो, असं पुस्तक शोधायचं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१), अमेरिकेतल्या शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र, असंच लागू पडलं. शिकायला मिळावं म्हणून लहानपणीच घर सोडून निघालेल्या त्या पोराच्या मागं मी गेले. हे रमले जमिनीत. कापूस घेऊन घेऊन कस गेलेल्या रानात भुईमूग का लावायचा, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र कसा धरून ठेवतात, हे मला चार वेळा ऐकावं लागलं. शेंगदाण्याची चटणी नसेल तर भाकरीला हात न लावणारा माणूस, त्याला याहून काय पाहिजे!

अंदाज सपशेल फसतोही. विणकरांच्या जगण्यावरचं एक पुस्तक मी मोठ्या हौसेनं आणलं. दहा पानांत मिटलं. "दिवसभर तेच, घरी आल्यावर पण तेच?" विषय ओळखीचा म्हणजे आवडीचा, हे माझं मीच ठरवलेलं.

म्हणून कुणी नाव विचारलं, की मी उलटं विचारते. पेपर वाचताना तुमचं माणूस कुठली बातमी मोठ्यानं वाचून दाखवतं? आमचे हे पूल कोसळल्याची बातमी असेल तर कारणासकट वाचतात. मी वाचते श्रद्धांजलीच्या जाहिराती, कोण कुणाचं मागं राहिलं ते. एवढं कळलं, की वाचनालयात जाऊन कपाटापुढं उभं राहायला हरकत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात आम्ही जोडीनं जातो. पुस्तक हे नेहमी मधूनच उघडतात. पहिलं पान सगळेच नटवून लिहितात, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही, पण निवड बहुतेक बरोबर निघते.

पुस्तक एकच, खुणा दोन. त्यांची टॉवेलचं लेबल, माझी केसातली पिन. कोण कुठवर पोचलं ते विचारायचं नाही आणि पुढं गेलेल्यानं तोंड उघडायचं नाही, इतकाच नियम.

सध्या चितमपल्लींचं 'चकवाचांदण' चाललंय. मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मलेले, १९३२चे. वनखात्यात आयुष्य काढलं, त्यांचं हे आत्मचरित्र. जाडजूड आहे, म्हणून माझं लाडकं. मी रोज दहा पानं, सावकाश. काल पुस्तक हातात घेतलं तर लेबल पिनेच्या चांगलं दीडशे पानं पुढं.

"मधली पानं वाचलीत का?" नियम मीच मोडला.

"वाचतोय की."