थ्रेशरचा शाफ्ट आणि दोन मिलिमीटरचा कोपरा

सोयाबीन निघायच्या दिवसांत आमच्या लेथवर रात्री-बेरात्री कुणी ना कुणी येतंच. त्या वर्षी ऑक्टोबरात मात्र एकच काका तीनदा आले आणि तिन्ही वेळा तेच काम घेऊन आले. थ्रेशरच्या ड्रमचा शाफ्ट पुलीच्या बाजूने मोडला होता. तिसऱ्या खेपेला ते माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. शाफ्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, वावरात गंजी लागून हाये, वरतून आभाय आलं. हे काहून तुटते, तेवढं तरी सांग मले."

मला सांगता आलं नाही. माझं दुकान आर्वी तालुक्यात एका गावाच्या फाट्यावर आहे. आयटीआयला टर्नर ट्रेड केला, आता वीस वर्षं हेच काम करतोय, आणि तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्यांदा शाफ्ट मोडला तेव्हा मी तुकडे वेल्डिंगने जोडून, टर्निंग मारून दिला. तो चार दिवस चालला. दुसऱ्यांदा ईएन ८, म्हणजे शाफ्टला वापरतात त्या मध्यम कार्बनच्या पोलादाचा नवा बार घेतला आणि नवा शाफ्ट केला. तो नऊ दिवस चालला. काकांचं म्हणणं होतं की आणखी जाड कर. पण पी २०९ च्या बेअरिंगला ४५ मिलिमीटरचंच भोक असतं, आणि त्याच्या बाहेर पुली बसते ती ४० च्या स्टेपवर. जाड करायला जागाच नाही.

त्या रात्री पहिल्यांदा मी मोडलेलं तोंड पुसून, दिव्याखाली धरून नीट पाहिलं. एका कडेने गुळगुळीत, चमकणारा भाग होता. त्यावर बारीक वाकड्या रेषा होत्या, वर्धा नदीचं पाणी ओसरलं की वाळूवर राहतात तशा. त्या पसरत पसरत पलीकडे गेल्या होत्या, आणि शेवटी उरलेला छोटा भाग खडबडीत, दाणेदार होता. म्हणजे शाफ्ट एका झटक्यात मोडला नव्हता. कित्येक दिवस तडा सरकत होता आणि त्या शेवटच्या दाणेदार भागाने जोर सोडला तेव्हा तो तुटला. सगळ्या रेषांचा उगम एकाच जागी होता, ४५ ची स्टेप ४० ला उतरते त्या कोपऱ्यात. तो कोपरा मीच टोकदार टूलने काटकोनात काढला होता, पुली चिकटून बसावी म्हणून.

कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई टाकून घाईघाईत एक शाफ्ट करून दिला आणि काकांचा हंगाम कसाबसा निभला. पण मला चैन पडेना. दिवाळी झाल्यावर आयटीआयच्या आमच्या सरांना फोन केला. त्यांनी आधी एक हिशोब करायला सांगितला. ड्रम मिनिटाला ६०० फेरे घेतो, पट्टा पुलीला एका बाजूला ओढतो. म्हणजे शाफ्टच्या कातडीचा प्रत्येक ठिपका दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. आठ तासांत २,८८,००० वेळा. नऊ दिवसांचा हिशोब केला तर जवळपास २६ लाख. एखादी तार आपण हाताने दहा-वीस वेळा वाकवून तोडतो, हे तेच, फक्त इतकं हलकं की डोळ्याला दिसत नाही. सर म्हणाले की रेल्वेचे आस असेच मोडायचे, आणि जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या इंजिनिअरने १८५० आणि ६० च्या दशकांत त्यावरच प्रयोग केले. तडा बहुतेक वेळा पृष्ठभागावर सुरू होतो आणि जिथे कोपरा किंवा टूलचा ओरखडा असेल तिथे लवकर. वेल्डिंगवाला शाफ्ट लवकर का गेला तेही त्यांनी सांगितलं. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि तिथलं लोखंड आधीच ताणलेलं राहतं.

मग त्यांनी विचारलं, "तुझे बाबा बंडीला धाव चढवायचे न?"

हो, चढवायचे. मी लहानपणी गोवऱ्या रचायला असायचो. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी कडी. ती चाकापेक्षा जराशी लहान ठेवायची, लाल तापवून चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा आणि आक्रसताना चाकाचे सगळे सांधे कटकट आवाज करत मिटायचे. मग बंडी कितीही खडकाळ पांदणीतून गेली तरी सांधा उघडत नसे, कारण बाहेरून त्याला कायम दाब असायचा. सर म्हणाले, शाफ्टच्या कोपऱ्यातल्या कातडीला असाच दाब देता येतो, तापवायचीही गरज नाही. कडक रोलर जोरात दाबून फिरवायचा. वरचा थर चेपून आडवा पसरू पाहतो, पण खालचं लोखंड त्याला पसरू देत नाही. रोलर काढल्यावरही तो थर दाबाखालीच अडकून राहतो. पट्टा ओढतो तेव्हा आधी तो दाब संपवावा लागतो, मगच तडा उघडू शकतो. शिवाय टूलचे ओरखडे मिटतात आणि वरचा थर कडकही होतो. याला डीप रोलिंग म्हणतात. जर्मनीतच ब्राउनश्वाइगला ओटो फॉपल यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी यावर काम केलं होतं, आणि गाड्यांच्या क्रँकशाफ्टच्या कोपऱ्यांवर कारखान्यात आजही असं रोलिंग होतं. एवढी जुनी गोष्ट, आणि वीस वर्षं लेथ चालवून मला ती माहीत नव्हती, याचं त्या रात्री फार वाईट वाटलं.

आता रोलर कुठून आणायचा? आधी मी ६२०२ बेअरिंगची बाहेरची रिंग ग्राइंडरवर घासून टोक काढलं. मधोमध टोक ठेवताना कडा पातळ झाल्या आणि दाब देताच रिंग चिरली. चष्मा होता म्हणून निभावलं, पण हा उद्योग कुणी करू नये. मग ईएन ३१ चा, म्हणजे बेअरिंगच्या कडक होणाऱ्या पोलादाचा तुकडा आणला. ३५ व्यासाची चकती वळली, तिच्या कडेला दीड मिलिमीटरची गोलाई दिली, कारण शाफ्टच्या कोपऱ्यात २ मिलिमीटरचा रेडियस ठेवायचा होता आणि रोलरची गोलाई त्यापेक्षा थोडी कमी हवी. शेजारच्या लोहारकाकांच्या भट्टीत ती तापवली. तारेला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेऊन बघत होतो. चुंबक ओढायचं थांबलं, त्यानंतर आणखी थोडा वेळ तशीच ठेवून तेलात सोडली. मग घरच्या ओव्हनमध्ये दीडशे अंशाला दोन तास. बायको काही बोलली नाही, पण बारकाईने बघत होती. चकतीवर कानस मारून पाहिली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. तेव्हा कळलं की जमलं.

दाब मोजण्यासाठी ट्रॅक्टरच्या क्लचची जुनी स्प्रिंग वापरली. कापूस मोजायच्या काट्यावर ठेवून ती दाबली, ६ मिलिमीटर दबली की दीडशे किलो. मग रोलरच्या मागे ती बसवली. लेथच्या क्रॉस स्लाइडने, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागाने पुढे जायचं आणि स्प्रिंग किती दबली ते मोजायचं, म्हणजे हाताच्या अंदाजावर काही राहत नाही.

काकांच्या शाफ्टवर थेट प्रयोग करायचा नव्हता. म्हणून ईएन ८ चे छोटे तुकडे केले, मान १० मिलिमीटरची. एक टोक लेथच्या चकात (पकडीत), दुसऱ्या टोकाला बेअरिंग, आणि बेअरिंगला २० किलोचं वजन टांगलं. खाली रेतीचं पोतं, समोर जाळी. लेथ ८०० फेऱ्यांवर सोडला आणि घड्याळ लावून बसलो. काटकोनी कोपऱ्याचा तुकडा एक तास चाळीस मिनिटांनी धप्पकन रेतीत पडला. नुसत्या रेडियसचा सात तासांच्या आसपास गेला. रोल केलेला पहिला तुकडा चाचणीपर्यंत पोहोचलाच नाही, कारण रोलरच्या दाबाने बारीक मान वाकली. दुसऱ्याला पलीकडून बेअरिंगचा टेका दिला आणि दाब ४० किलोवर आणला. तो पहिला दिवस आठ तास फिरला. दुसऱ्या दिवशी मधेच लाइन गेली, आली, पुन्हा फिरला. संध्याकाळी मीच लेथ बंद केला. तुकडा शाबूत होता. प्रत्येक प्रकाराचा आणखी एक तुकडा करून पाहिला, क्रम तोच राहिला. दोन-दोन तुकड्यांवरून मोठा दावा करता येत नाही हे मला कळतं, पण काकांचा शाफ्ट करायला माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

जास्त दाब म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. एका टाकाऊ तुकड्यावर स्प्रिंग १२ मिलिमीटर दाबून तीनदा रोलर फिरवला. चौथ्यांदा कातडीचे कांद्यासारखे पापुद्रे सुटायला लागले. ते पापुद्रे म्हणजे तयार तडेच.

पुढच्या सप्टेंबरात काकांचा शाफ्ट लेथवर चढवला. कोपरा गोल टूलने २ मिलिमीटर रेडियसचा, बारीक फीडवर, एकही ओरखडा न ठेवता. की-वे, म्हणजे पुलीची चावी बसायची खाच, कोपऱ्यापासून लांब संपवला. पुलीच्या भोकाच्या आतल्या कडेला चेंफर दिला, म्हणजे धार तिरकी कापली, नाहीतर तिची धार नेमकी त्या रेडियसवर बसते. मग कोपरा केरोसीनने धुतला, कारण लोखंडाचा एखादा कण राहिला तर रोलर तो आत दाबून टाकतो. भरपूर तेल सोडलं. शाफ्ट टेलस्टॉकच्या सेंटरवर, वेग मिनिटाला ८० फेरे, रोलर तिरका धरून कोपऱ्यात. दाब फिरत्या शाफ्टवरच हळूहळू दीडशे किलोपर्यंत चढवला, वीसेक फेरे दिले, आणि फिरत असतानाच उतरवला. दाब असताना लेथ थांबवला तर त्या जागी खळगा पडतो. मळकट राखाडी कोपऱ्यात आधी एक बारीक रेघ चमकली. मग ती रुंदावली आणि बघता बघता सगळा कोपरा आरशासारखा झाला. बोटाने चाचपला तर कुठे काठ लागेना. मी बराच वेळ बोट फिरवत राहिलो.

बेअरिंगची बैठकही रुंद रोलरने हलक्या दाबाने फिरवून घेतली. तिथे टर्निंग ०.०२ मिलिमीटर मोठं ठेवावं लागतं, कारण रोलर उंचवटे चेपतो आणि माप तेवढं उतरतं. आधी एका तुकड्यावर किती उतरतं ते मायक्रोमीटरने बघून घ्यावं.

शाफ्ट त्या हंगामात मोडला नाही. मळणी संपल्यावर मीच काकांना म्हटलं, थ्रेशर आणा, बघू. पुली काढली, कोपरा पुसला, त्यावर केरोसीन लावून अर्धा तास ठेवलं. पुन्हा कोरडा पुसला आणि शाळेतला खडू कुटून, पाण्यात कालवून वर पातळ थर दिला. तडा असेल तर आत शिरलेलं केरोसीन बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. काका खाटेवर बसून होते. दोघं बघत राहिलो. खडू सुकून पांढराशुभ्र झाला, चहा आला, प्यायला, तरी रेघ आली नाही. काकांनी चष्मा पुसून जवळून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "लाव पुली. भावाचा थ्रेशर हाये, त्याचाबी शाफ्ट पाठवतो उद्या."