बिनबोटांचे मनगटमोजे : उजवा हात सुईवरून उतरला, डावा कळीपर्यंत आला

उजव्या हाताचा मनगटमोजा सुईवरून उतरला असून डाव्या हाताची मनगटपट्टी पूर्ण होऊन काम अंगठ्याच्या कळीपर्यंत (अंगठ्यासाठी जागा करणाऱ्या त्रिकोणी भागापर्यंत) आले आहे. या टप्प्यावर सविस्तर नोंद करावीशी वाटली, कारण या छोट्या वस्तूत लोकर निवडण्यापासून शेवटचा टाका बंद करण्यापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नापाशी येतो: हे विणकाम किती ताणले जाईल आणि ताण सुटल्यावर किती परत येईल? स्वेटर थोडा सैल असला तरी चालतो, मफलरला तर मापच नसते. मनगटमोज्याला मात्र बोटांचे आवरण नसल्यामुळे त्याला जागेवर धरून ठेवणारे स्वतःच्या पकडीखेरीज काहीच नसते. शिवाय मनगटाच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्या त्वचेच्या बऱ्याच जवळ असतात, म्हणूनच तेवढा भाग झाकला तरी हाताला ऊब जाणवते. पट्टी मनगटापासून सुटून गार हवा आत शिरू लागली, तर मोजा घालण्याचा हेतूच उरत नाही.

लोकर डीके (मध्यम) जाडीची, ७५ टक्के मेंढीची लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशा मिश्रणाची घेतली आहे. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळणे असतात. ओढल्यावर ती सरळ होतात आणि सोडल्यावर पुन्हा वळतात. सुती धाग्यात ही उसळी नसते, त्यामुळे सुती मनगटमोजा सकाळी नेटका बसला तरी वापरता वापरता पसरत जातो. अ‍ॅक्रिलिक या दोहोंच्या मध्ये येते: धुण्यास सोपे आणि बहुतेकांना न टोचणारे, पण वाफ किंवा गरम इस्त्री लागली की त्याची उसळी कायमची जाते. नायलॉन येथे केवळ झीज थांबवण्यासाठी आहे, कारण लिहिताना किंवा कळफलकावर काम करताना तळहाताची कड सतत टेबलावर घासत असते. शुद्ध मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर, अधिक मऊ लागते हे खरे. परंतु तिचे तंतू बारीक असतात आणि सैल पिळाच्या धाग्यातून ते लवकर बाहेर येऊन गोळे धरतात. नेमक्या घासल्या जाणाऱ्या जागी वापरायच्या वस्तूसाठी मला घट्ट पिळाचा, किंचित खरखरीत धागाच योग्य वाटतो.

नमुन्याचा तुकडा सपाट न विणता गोल विणला आणि धुऊन, वाळवून मग मोजला. गोल विणताना सुलट विणीत उलट ओळी येतच नाहीत, आणि बहुतेकांचा हात उलट ओळींत थोडा सैल पडत असल्यामुळे सपाट तुकड्याचे माप गोल कामाला लावणे धोक्याचे असते. धुण्याचे कारण वेगळे: यंत्रात धुता येण्यासाठी प्रक्रिया केलेली लोकर ओली झाल्यावर पसरते, आणि मोजा पूर्ण झाल्यावर ते कळून उपयोग नाही. ३.५ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके आणि ३२ फेऱ्या आल्या. (सुईचा क्रमांक न लिहिता मिलिमीटरच लिहितो, कारण जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकी पद्धतीत जाड होते, ४ मिलिमीटरची सुई पहिल्या पद्धतीत ८ क्रमांकाची, तर दुसऱ्या पद्धतीत ६ क्रमांकाची ठरते.)

हाताची मापे अशी आहेत: अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी घेर १९ सेंटिमीटर, मनगटाचा घेर १५.५ सेंटिमीटर. मोजा हाताच्या मापाइतका नव्हे, तर त्याहून सुमारे दहा टक्के लहान असायला हवा, तरच तो ताणून बसतो. १९ चे दहा टक्के वजा केल्यास सुमारे १७ सेंटिमीटर उरतात. त्यांना प्रति सेंटिमीटर २.४ टाक्यांनी गुणले की ४१ च्या आसपास टाके येतात. दोन सुलट, दोन उलट या रिबसाठी (उभ्या रांगांच्या लवचीक विणीसाठी) चारने भाग जाणारी संख्या हवी, म्हणून ४० टाके धरले. मनगट हातापेक्षा बरेच बारीक असले तरी तेथे टाके कमी केले नाहीत; पट्टी ३ मिलिमीटरच्या सुईवर विणली, म्हणजे टाके तेवढेच राहून घेर आपोआप आखडतो.

टाके घालताना साधी लांब शेपटीची पद्धत (जीत धाग्याचे लांब सोडलेले टोकही टाक्यांत वापरले जाते) न वापरता तिचाच जर्मन प्रकार वापरला. त्यात अंगठ्यावरच्या फासाला एक जादा पीळ बसतो, त्यामुळे प्रत्येक टाक्याच्या बुडाशी थोडा अधिक धागा राहतो आणि काठ पुष्कळ ताणला जातो. सैल काठ मिळवण्यासाठी जाड सुईवर टाके घालण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला असतो, पण तो मला पटत नाही, कारण त्याने पहिल्या ओळीतले टाके मोठे होतात, टाक्यांमधला बुडाचा धागा मात्र फारसा वाढत नाही. काठ लोंबतो आणि तरीही ताणला जात नाही. शेपटीच्या अंदाजासाठी सुईभोवती धाग्याचे दहा वेढे घेतले, ती लांबी चौपट केली आणि पिळासाठी वर हातभर सोडली. ४० ऐवजी ४१ टाके घालून शेवटचा टाका पहिल्याबरोबर एकत्र विणला, म्हणजे फेरी जुळते त्या जागी पायरी दिसत नाही.

रिब का ताणते हे एकदा समजून घेतले की पुढची बरीच कोडी सुटतात. केवळ सुलट विणलेल्या तुकड्याच्या उभ्या कडा मागच्या बाजूस वळतात, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. रिबमध्ये प्रत्येक दोन टाक्यांनंतर बाजू बदलते, त्यामुळे ही वळण्याची ओढ आलटूनपालटून पुढे आणि मागे लागते; सुलट रांगा वर येतात, उलट रांगा त्यांच्या मागे दडतात आणि सगळे कापड हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे घडी घालून बसते. हात आत जाताना प्रथम या घड्या उघडतात, आणि टाके स्वतः ताणले जाण्याची वेळ त्यानंतर येते.

मात्र याच बदलाच्या जागी एक दोष डोकावतो. सुलट टाक्यानंतर उलट टाका विणायचा तर धागा मागून पुढे आणावा लागतो, त्या प्रवासात थोडा जादा धागा खर्च होतो आणि तो शेवटच्या सुलट टाक्यात जाऊन बसतो. परिणामी सुलटाच्या प्रत्येक जोडीतली डावी रांग फुगीर दिसते. धागा घट्ट ओढून हे पूर्णपणे जात नाही. उपाय असा, की जोडीतल्या पहिल्या उलट टाक्यासाठी धागा सुईवर नेहमीच्या विरुद्ध दिशेने गुंडाळावा. हा मार्ग आखूड असल्यामुळे जादा धागा उरतच नाही. असा टाका सुईवर उलटा बसतो, म्हणून पुढच्या फेरीत तो मागच्या फासातून (टाक्याच्या सुईमागच्या बाजूतून) विणावा लागतो, नाहीतर त्याला पीळ पडतो. काही फेऱ्यांनंतर बोटांना ही सवय लागते आणि दोन्ही रांगा एकसारख्या दिसू लागतात. विणकामाच्या पुस्तकी नियमांत ही युक्ती बसत नाही, पण परिणाम पाहता मी ती कायमची स्वीकारली आहे.

सुयांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाच सुयांचा संच किंवा एक लांब गोल सुई घेऊन फास बाहेर काढण्याची पद्धत, दोन्हींनी काम होते. दोन सुयांच्या सांध्यापाशी टाक्यांमध्ये शिडीसारखी सैल उभी रेघ पडत असेल, तर नव्या सुईवरचा पहिला टाका नव्हे, दुसरा टाका विणताना धागा ओढावा.

७ सेंटिमीटर पट्टीनंतर सुई ३.५ मिलिमीटरची घेतली आणि टाक्यांची विभागणी केली: तळहाताकडे १८, हाताच्या पाठीकडे २२. तळहात पूर्ण सुलट विणला, पाठीवर रिब तशीच पुढे नेली. पाठीचे २२ टाके दोन उलट टाक्यांनी सुरू होऊन दोन उलट टाक्यांनीच संपतात, त्यामुळे तळहाताच्या दोन्ही बाजूंना एकेक उलटाची चर राहते आणि दोन विणी स्वच्छ वेगळ्या दिसतात. सगळीकडे रिब ठेवली असती तर पकड अधिक मिळाली असती, हे खरे आहे. पण पेन धरताना तळहाताखाली उंचवटे जाणवतात आणि ते मला सहन होत नाहीत.

आता अंगठा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काही ओळी सपाट विणून उभी फट ठेवणे. पूर्ण रिबच्या मोज्यात ती चालून जाते. परंतु अंगठ्याच्या मुळाशी हाताचा घेर बोटांच्या मुळाशी असलेल्या घेरापेक्षा स्पष्टपणे अधिक असतो, आणि फट ठेवल्याने तेथे एकही टाका वाढत नाही. अंगठा पसरला की सगळे कापड फटीच्या दोन टोकांकडे खेचले जाते. नेमकी जेथे जागा हवी तेथे त्रिकोणी कळी घातली, तर ताण वाटला जातो. म्हणून पट्टीनंतर चार साध्या फेऱ्या विणून तळहाताचा तिसरा टाका कळीचा मध्य धरला, त्याच्या दोन्ही बाजूंना खुणेच्या कड्या घातल्या आणि दर तिसऱ्या फेरीत कड्यांच्या आत एकेक टाका वाढवला. टाका वाढवण्यासाठी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलला. एका बाजूला तो पुढून उचलून मागच्या फासातून विणला, दुसऱ्या बाजूला मागून उचलून पुढच्या फासातून विणला. दोन्हींकडे धाग्याला पीळ पडत असल्यामुळे भोक राहत नाही, आणि पीळ परस्परविरुद्ध असल्यामुळे कळीच्या दोन कडा एकमेकींची प्रतिबिंबे होतात. वाढीच्या सात फेऱ्यांत एका टाक्याचे पंधरा झाले. वरच्या दोन साध्या फेऱ्या धरून कळीची उंची २१ फेऱ्या, म्हणजे सुमारे साडेसहा सेंटिमीटर झाली. हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. मनगटाच्या सुरकुतीपासून अंगठा फुटतो त्या खाचेपर्यंतचे अंतर प्रत्येकाने स्वतः मोजावे आणि त्यानुसार वाढ दर दुसऱ्या फेरीत करायची की चौथ्या, हे ठरवावे.

कळीचे १५ टाके वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत दोऱ्यावर काढून ठेवले आणि त्या जागी एक नवा टाका घालून पुन्हा ४० पूर्ण केले. वर दहा साध्या फेऱ्या आणि बारीक सुईवर आठ फेऱ्यांची रिब झाली. मग अंगठ्याकडे परतल्यावर खाचेपाशी तीन टाके उचलले. जागा तेथे एकाच टाक्याची आहे, पण कोपऱ्यांतली दोन भोके बुजवायची असतील तर दोन्ही बाजूंचे तिरपे धागेही उचलावे लागतात. पुढच्याच फेरीत ते दोन जादा टाके शेजारच्यांबरोबर एकत्र विणून १६ टाके ठेवले आणि सहा फेऱ्यांची रिब घातली.

टाके बंद करण्याची नेहमीची पद्धत, म्हणजे एक टाका दुसऱ्यावरून उचलून टाकणे, येथे टाळलीच पाहिजे, कारण तीत तयार होणारी साखळी न ताणणारी असते आणि खालच्या रिबची सगळी लवचीकता ती एका रेषेत अडवून धरते. त्याऐवजी दोन टाके एकत्र विणून आलेला टाका पुन्हा डाव्या सुईवर घेतला आणि पुढच्या टाक्याबरोबर पुन्हा एकत्र विणला; सुलटावर सुलट आणि उलटावर उलट. धागा थोडा अधिक लागतो, पण काठ बोटांबरोबर उघडतो आणि मिटतो. याहूनही लवचीक काठ दाभणाने शिवून बंद करता येतो, परंतु त्यासाठी घेराच्या तिप्पट धागा आधीच तोडावा लागतो आणि तो प्रत्येक टाक्यातून ओढताना घासून विस्कटतो.

उजवा मोजा कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवला. रिब ताणून टाचण्या लावण्याचा मोह आवरावा. धाग्यांची टोके उलट बाजूने तिरपी, टाक्यांमधून नागमोडी ओवली आहेत, कारण सरळ ओवलेले टोक तेवढ्या भागाला ताणूच देत नाही.

वजनकाट्यावर उजवा मोजा २३ ग्रॅम भरला, म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंड्यात दुसरा आरामात बसेल. डाव्या हाताची फेरीही तळहातापासूनच सुरू होते, मात्र कळीचा मध्य तिसऱ्याऐवजी १६ व्या टाक्यावर धरायचा आहे. बाकी सारे तसेच.

पुढच्या जोडीसाठी लिथुएनियातल्या मण्यांच्या मनगटपट्ट्यांचा विचार चालू आहे. त्या अतिशय बारीक सुयांवर आडव्या विणतात: सर्व ओळी सुलट, मणी आधीच धाग्यात ओवलेले, आणि विणताना दोन टाक्यांमध्ये एकेक सरकवलेले. आडवे विणल्यामुळे ओळी हाताच्या लांबीला समांतर येतात आणि विणीची उभी दिशा मनगटाच्या घेराभोवती येते, आणि सर्व सुलट ओळींची वीण उभ्या दिशेलाच अधिक ताणत असल्यामुळे रिब नसतानाही ती पट्टी मनगट धरून राहते. मणी भरल्यावर तो ताण किती उरतो, हे आधी एका अरुंद तुकड्यावर पाहायचे आहे.