फॉन्टच्या समनावांची यादी : ‘समान’ हा रकाना मोडला

एकाच फॉन्टची वेगवेगळी नावं आणि एकमेकांच्या जागी चालणारे फॉन्ट यांची यादी आपण मिळून करतो आहोत; तिच्यावरच्या मागच्या नोंदीनंतर दोन महिने गेले. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. यादीत ‘समान’ नावाचा जो एकच रकाना होता, तो मी काढून टाकला. त्या जागी आता तीन रकाने आहेत : आकार, रुंदी आणि मांडणी (म्हणजे कोणतं अक्षर फॉन्टमधल्या कितव्या क्रमांकाच्या खणात बसवलं आहे). कारण जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या ओळी पुन्हा तपासायला तुम्हा सगळ्यांचे हात लागणार आहेत.

आधी रोमन फॉन्ट. एकाच अक्षररूपाला इतकी नावं पडली, त्याचं मूळ कायद्यात आहे. अमेरिकेत टंकाच्या, म्हणजे फॉन्टमधल्या अक्षरांच्या, आकारावर कॉपीराइट मिळत नाही. १९७८च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर खटल्यात ते पक्कं झालं. नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून राखता येतं. त्यामुळे आकार तोच ठेवून नाव तेवढं बदलायची पद्धत पडली. १९८१मध्ये सुरू झालेल्या बिटस्ट्रीम या फॉन्ट कंपनीने हेल्व्हेटिकाला ‘स्विस ७२१’ केलं, टाइम्सला ‘डच ८०१’, फ्रुटिगरला ‘ह्यूमनिस्ट ७७७’ आणि युनिव्हर्सला ‘झुरिक’. फोटोटाइपसेटिंगच्या (प्रकाशाने फिल्मवर अक्षरजुळणी करण्याच्या) काळात कॉम्प्युग्राफिक कंपनीकडे ऑप्टिमा ‘ओरॅकल’ नावाने वावरत होता. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ही नावं गावांच्या वाटेने गेली : पॅलाटिनो झाला ‘पाम स्प्रिंग्ज’, बुकमन झाला ‘ब्रुकलिन’.

हा भाग आपल्याला परका नाही. नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्यापासून लग्नपत्रिका छापणाऱ्यापर्यंत सगळे कोरलवर बसलेले, आणि बिटस्ट्रीमचे फॉन्ट कोरलच्या सीडीतूनच घरोघरी पोचले. पण आपल्या यादीत एक खोट होती. कोरलच्या मेनूत दिसणाऱ्या नावात ‘स्विस’चा शेवटचा एस गळालेला असतो आणि शेवटी बीटी जोडलेलं असतं. फाइल उघडताना ‘फॉन्ट सापडत नाही’ म्हणून जे नाव समोर येतं, ते हेच. आपण पूर्ण नाव नोंदवलेलं, त्यामुळे शोध रिकामाच परत यायचा. आता प्रत्येक फॉन्टच्या नेम टेबलमधली (फॉन्टच्या फाइलमध्येच असलेल्या नावांच्या तक्त्यातली) कुटुंबनाव, पूर्ण नाव आणि पोस्टस्क्रिप्ट नाव ही तिन्ही जशीच्या तशी, एक अक्षरही न सुधारता घेतली आहेत. कृपया स्पेलिंग ‘दुरुस्त’ करू नका.

पॅलाटिनोच्या ओळीवर पूर्ण एक रविवार गेला. बुक अँटिक्वा, झाप्फ कॅलिग्राफिक ८०१, यूआरडब्ल्यू पॅलॅडिओ, पॅलॅडिओचंच नंतरचं नाव पी०५२, त्यावरून बेतलेला टेक् जायर पॅजेला, आणि विंडोज २०००बरोबर आलेला पॅलाटिनो लिनोटाइप. हे सगळे एका ओळीत ठेवताना माझा हात अडखळतो. पॅलाटिनोचे मूळ रेखनकार हर्मन झाप्फ यांनी परवानगीशिवाय होणाऱ्या नकलांच्या मुद्द्यावर १९९३मध्ये टंककारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला होता. म्हणून यापुढे प्रत्येक ओळीत मूळ रेखनकाराचं नाव पहिलं असेल. ते नसलेली ओळ मी घेणार नाही.

रुंदीचा रकाना वेगळा का, हे एरिअलवरून कळतं. एरिअल आणि हेल्व्हेटिकाचे आकार वेगळे आहेत. लहान ‘ए’ची शेपटी आणि मोठ्या ‘आर’चा पाय पाहिला की लगेच ओळखू येतं. रुंदी मात्र तीच. हेल्व्हेटिकात लहान ‘ए’ १००० एककांपैकी ५५६ घेतो, एरिअलमध्ये २०४८ पैकी ११३९. भागून पाहा, जवळपास तोच आकडा येतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा टाकला तरी ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटतात. २००७चा लिबरेशन सॅन्स याच मापावर बेतलेला आहे, आणि कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटोही तसाच. लिनक्सवर फॉन्ट शोधून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगमध्ये या जोड्यांची स्वतंत्र फाइलच असते; ती मी आपल्या रकान्याशी ओळ-ओळ ताडून पाहिली. मापं काढायला फॉन्टच्या फाइल वाचणाऱ्या फॉन्टटूल्सची छोटी स्क्रिप्ट केली आहे. एम (वरची १००० किंवा २०४८ ही एकूण एककं) वेगळा असला की अपूर्णांकात किंचित फरक पडतो, तेवढा तिला चालतो.

आता मराठीकडे येतो, कारण मोडतोड खरी इथूनच सुरू झाली.

ओळखीच्या एका निवृत्त डीटीपीवाल्या काकांनी त्यांच्या गावच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेच्या पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल दिल्या. मजकूर डीव्ही-टीटी सुरेख या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होता. माझ्याकडे होता डीव्हीबी-टीटी सुरेख. आपल्या यादीत दोन्ही ‘समान’. ती ओळ मीच घातलेली, छापील नमुने शेजारी ठेवून, कारण कागदावर दोन्हींचा ‘क’ सारखाच दिसतो. फॉन्ट बदलला आणि पानभर नुसता चिखल झाला. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, याचा काना कुठे गेला?”

काना होता, पण दुसऱ्याच घरात. डीव्हीमध्ये तो २०१ क्रमांकाच्या खणात असतो, डीव्हीबीमध्ये २१४च्या. बाकीची अक्षरंही अशीच हललेली. म्हणजे आकार एक, मांडणी वेगळी. उलट कृतिदेव ०१० आणि देवलिस ०१० या जुन्या फॉन्टांची मांडणी जुळते, त्यामुळे फाइल वाचण्यापुरते ते एकमेकांच्या जागी चालतात. जुन्या मराठी फाइलसाठी आकारापेक्षा मांडणीचाच रकाना जीव वाचवतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

सगळ्यात फसवी जोडी श्री-देव ०७१४ आणि मॅकवर येणारा श्री देवनागरी ७१४. नाव तेच, आकडाही जवळजवळ तोच, पण पहिला जुन्या मांडणीचा आणि दुसरा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा. जुनी फाइल दुसऱ्यात उघडली तर मजकूर वाचता येणार नाही. असंच कृतिदेवचं : त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिलेला असतो ई, जे, के, मोठा बी, एच असा, आणि युनिकोड फॉन्ट लावला की ही पाच रोमन अक्षरंच समोर येतात. अशा जोड्यांपुढे आता लाल खूण आहे : ‘फॉन्ट बदलू नका, मजकूर रूपांतरित करा.’

काकांची स्मरणिका डीव्हीचा मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या रूपांतरकातून काढली. रफार काही ठिकाणी एक अक्षर मागे राहिला होता, तो हाताने सरकवला. ‘कार्यकारिणी’ आणि ‘वर्गणीदार’ यांवरच एक संध्याकाळ गेली. छापील प्रत शेजारी होती म्हणून निभावलं.

पुढचं काम : डीव्ही, डीव्हीबी आणि डीव्हीबीडब्ल्यू या तिन्हींमधले योगेश आणि सुरेख हे फॉन्ट खण-खण तपासायचे, मग आकृती या फॉन्टमालिकेकडे वळायचं. आकृतीचे जुने फॉन्ट माझ्याकडे अपुरे आहेत. कुणाच्या माळ्यावर प्रेसची जुनी सीडी किंवा फ्लॉपी असेल तर फॉन्ट पाठवू नका, परवान्याचा प्रश्न येतो. फक्त नेम टेबलमधली नावं, क्रमांकासह खणांचा तक्ता आणि त्या फॉन्टमध्ये छापलेलं एखादं पान पाठवा. पान शक्यतो जोडाक्षरांनी भरलेलं असू द्या.