झाडाची मच्छरदाणी

"झाडाला मच्छरदाणी?" आई फोनवर म्हणाली. "आणि तू डासांत झोप!"

अमेरिकेत, प्रिन्स्टनला मे महिन्यात डास फारसे नसतात, हे देवरुखात बसून तिला कसं पटावं. शिवाय ते २०२१ साल. अख्खं जग तोंड झाकून फिरत होतं, एका सफरचंदाच्या रोपाने अंग झाकलं तर बिघडलं कुठे?

पण ही जाळी ज्यांच्यासाठी, ते सिकाडा नावाचे किडे समजावून सांगायचे म्हणजे फोन लांबणार. दर १७ वर्षांनी जमिनीतून वर येतात म्हटल्यावर तिने विचारलं, "त्यांना कळतं कसं?" वीतभर खालची माती १८ अंशांपर्यंत तापली की निघतात, मी म्हटलं. "ते निघायचं झालं. वर्षं कोण मोजतं?" मुळांतला रस पिऊन जगतात, झाडाचं ऋतुचक्र त्या रसावरून त्यांना कळतं. "म्हणजे झाडच मोजतं," आई म्हणाली आणि तिच्यापुरता विषय संपला.

खरं तर बिचारे चावत नाहीत, पानं खात नाहीत. मादी तेवढी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीला चिरा पाडून आत अंडी घालते, मग शेंडे वाळून लोंबायला लागतात. जुन्या ओकला त्याचं काही नाही, पण आदल्या वर्षी लावलेल्या रोपाचं काय? औषध फवारण्यात अर्थ नसतो. दाट जागी एकरी १५ लाखांपर्यंत निघतात. पक्षी, खारी पोट फुटेस्तोवर खातात तरी उरतात, तिथे आपला पंप किती पुरणार? उपाय एकच, १ सेंटिमीटरहून बारीक भोकांची जाळी, आणि ती खोडाशी घट्ट बांधायची, नाहीतर खालून चढतात.

आजीची मच्छरदाणी आम्हाला अशीच बांधलेली असायची. चार खुंट्यांना चार दोऱ्या, त्यातली एक हमखास लहान, म्हणून तिला परकराची नाडी जोडलेली. आम्ही आत शिरलो की आजी कडा गादीखाली खोचत चहूबाजूंनी फिरायची. "आता उठायचं नाही." लगेच कोणाला तरी शू लागायची. परत सगळं सोडा, परत खोचा. एवढं करून दिवा मालवला की कानाशी गुंईऽऽ. एक डास आत असायचाच. माझं तेव्हापासूनचं मत आहे की मच्छरदाणी डासाला बाहेर ठेवायला नसतेच, एकाला आत कोंडायला असते.

मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात दर ४ वर्षांनी येणारे सिकाडा आहेत, नेमके फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी. तिथले लोक त्यांना पकडून खातात. जाळीपेक्षा हा उपाय रास्त वाटतो. इथे शेजारणीला सुचवून पाहिलं, ती नुसती हसली.

जूनच्या सुरुवातीला सिकाडांचा आवाज टिपेला पोचला होता, तेव्हा माझ्या जाळीच्या आत एक सापडला. लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख, आणि खच्चून ओरडत होता. ओरडतो तो नर. त्याच्याकडून फांदीला काडीचा धोका नाही. पण २००४ साली अंड्यात असलेला प्राणी, पुढची खेप २०३८ला, हातात जेमतेम महिनाभर, आणि हा मच्छरदाणीत! गाठ सोडली, फट केली, म्हटलं जा बाबा.

गेला नाही. मी मग गाठ सैलच ठेवली आणि चहा टाकायला घरात गेले.